फेम्टोसेकंद लेझरने कापताना उष्णता तयारच होत नाही, हे खरं आहे का? मग सगळीकडे तोच का वापरत नाहीत?

पहिलं अर्धंच खरं आहे. माहितीपत्रकात 'थंड कटाई' असं छापलेलं असतं, त्यावर भिस्त ठेवू नका. मी अशाच यंत्रावर काम करतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, पिकोसेकंद त्याचा हजारावा आणि फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा.

प्रकाश धातूवर पडला की ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात. तिथून ती अणूंच्या जाळीत उतरायला काही पिकोसेकंद लागतात. नॅनोसेकंद लेझरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, त्या मानाने फारच लांब. ती चालू असतानाच धातू वितळतो आणि उष्णता आजूबाजूला पसरते. तांब्यात १० नॅनोसेकंदांत ती एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास पोचते. म्हणून कडेला बर (धातूची खरखरीत धार) आणि वितळून गोठलेला थर राहतो. ३०० फेम्टोसेकंदांची पल्स मात्र जाळी तापायच्या आत संपलेली असते. वरचा काही नॅनोमीटरचा थर इतक्या झपाट्याने तापतो की वितळून वाहायला फारशी सवडच मिळत नाही. तो वाफ आणि बारीक कण होऊन उडतो आणि जाताना बरीचशी उष्णता घेऊन जातो.

बरीचशी, सगळी नाही. गोम इथेच आहे. दर पल्समागे थोडी उष्णता मागे उरते. पणतीच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवलं तर भाजत नाही, पण फिरवतच राहिलं तर भाजणारच. सेकंदाला १० लाख पल्स सोडल्या आणि किरण फिरवणारा स्कॅनर सेकंदाला २ मीटर वेगाने फिरवला, तर किरण दोन पल्समध्ये फक्त २ मायक्रॉन सरकतो. ठिपका २० मायक्रॉनचा असेल, तर एकाच जागी सुमारे १० पल्स पडतात. मग फेम्टोसेकंद लेझरही पोलाद काळं करतो. उपाय म्हणजे वेग वाढवणं आणि एकाच रेषेवर लगेच परत न येणं.

दुसरी चूक म्हणजे उरकायच्या घाईत पल्सची ऊर्जा वाढवणं. पदार्थ उडू लागण्याची एक किमान तीव्रता असते. ठिपक्याच्या मध्यभागी तिच्या साधारण साडेसातपट तीव्रता ठेवली, की दर ज्यूलमागे सर्वांत जास्त पदार्थ निघतो. त्यापलीकडची जास्तीची ऊर्जा मुख्यतः तुकडा तापवण्यात जाते.

सगळीकडे हा लेझर का नाही? एकेका पल्सला नॅनोमीटरच्या हिशेबात पदार्थ निघतो, म्हणजे काम संथ. शिवाय लेझर महाग. १० मायक्रोज्यूल ऊर्जा ३०० फेम्टोसेकंदांत कोंबली, की ती शक्ती ३ कोटी वॅटच्या वर जाते. आणखी मोठी पल्स अ‍ॅम्प्लिफायरमधून (पल्सची ऊर्जा वाढवणाऱ्या भागातून) सरळ नेली तर तोच खराब होईल, म्हणून ती आधी काळात ताणतात, मग वाढवतात, शेवटी आवळतात. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मूरू यांनी १९८५ साली काढलेल्या या युक्तीला २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

जाड पत्रा कापायचा असेल तर माझ्या मते हा लेझर विसरा, साधा फायबर लेझर घ्या. काच, स्टेंटच्या नळ्या, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं अशा कामांत मात्र याला तोड नाही. काच एरवी प्रकाश आरपार जाऊ देते, पण एवढ्या तीव्रतेला ती एकदम अनेक फोटॉन शोषते. त्यामुळे वरचा पृष्ठभाग न दुखावता काचेच्या पोटातही खूण करता येते.

यंत्र बघायला गेलात तर नमुना कमी पल्स-दरावर कापून दाखवतील. तो तुमच्या रोजच्या उत्पादनाच्या वेगाने कापून मागा आणि उभा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा.