वाचक विचारतात: गळ घेऊ की बंदूक?

प्रश्न: सहा वर्षं न्यूयॉर्क राज्यात पुकिप्सीला आहे, एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर. ऑफिसातला एक मित्र दर मे महिन्यात रानटर्कीच्या शिकारीला जातो, यंदा मलाही चल म्हणतोय. बायको म्हणते त्यापेक्षा गप मासे पकड. लहानपणी देवरूखला गळ टाकलेत, बंदूक कधी हातात धरली नाही. काय करू?

उत्तर: बायकोचं ऐका, निदान ह्या वर्षी तरी. मासे पकडायला फ्रेशवॉटर, म्हणजे गोड्या पाण्यातलं, लायसन्स काढलं की झालं, तिथल्या रहिवाशाला 25 डॉलर, घेतल्यापासून 365 दिवस चालतं आणि व्हिसाचा त्यात काही संबंध नाही. पोरं सोळाच्या आतली असतील तर त्यांना तेही नको.

1 एप्रिलपासून नदीतला ट्राउट (थंड पाण्यातला मासा) घरी नेता येतो, त्याआधी पकडून सोडून द्यायचा. त्या दिवशी रॉस्को गावाला जंक्शन पूल नावाच्या डोहावर, म्हणजे बीव्हरकिल आणि विलोविमॉक ह्या दोन नद्या मिळतात तिथे, पहाटेपासून माणसं उभी असतात. एकदा जाऊन बघा पण पिशवी भरेल अशी आशा नको, कारण पाणी बर्फ वितळलेलं, मासा तळाशी सुस्त पडलेला, आणि रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो तो दर थोड्या वेळाने बोटांनी फोडत बसायचं, तोवर बोटंच आपली वाटेनाशी होतात. खरी मजा एप्रिलच्या शेवटाला, पाणी 10 डिग्री सेल्सिअसच्या आसपास आलं की. दुपारी हेंड्रिक्सन नावाचे किडे पाण्यातून वर यायला लागतात आणि मासा वर येऊन ते टिपतो.

तुम्ही देवरूखचे म्हणून सांगतो, इसोपस क्रीकला नक्की जा. अशोकन जलाशयातले रेनबो ट्राउट वसंतात अंडी घालायला त्या नदीत वर चढतात, आपल्याकडे पहिल्या पावसात वळगणीचे मासे चढतात ना तसंच, फक्त इथे अंगात जाडजूड जॅकेट. किती मासे ठेवायचे ते नदीच्या पट्ट्यापट्ट्याला वेगळं आहे, त्यामुळे निघायच्या आधी नियम बघा.

आता बंदूक. इथे जरा थांबा, कारण मित्राला हे माहीत असेलच असं नाही. तुमचा एच-वन-बी हा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचा, व्हिसा आणि असल्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. त्यातून सुटका देणारे मोजके अपवाद आहेत, तुमच्या कामाचा एकच, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदूक, "जरा धरून बघ" म्हणून मित्राने पुढे केली तरी हात मागे. आणि लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. तो उन्हाळ्यात करा, इमिग्रेशन वकिलाला एक फोन टाका, आणि पुढच्या मे महिन्याचं बघा.

ह्या मे मध्ये मित्राबरोबर रिकाम्या हाताने नुसते बसायला जा. सीझन 1 ते 31 मे, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी बारापर्यंतच, आणि छातीवर दाढी असलेलाच पक्षी मारायचा (हो, दाढी, केसांसारखा लोंबणारा झुबका असतो). मित्र खिशातून एक गोल पाटी काढेल आणि त्यावर काडी घासेल, अक्षरशः पाटी-पेन्सिलचा आवाज, पण नराला तो मादीची हाक वाटतो, आणि लांबून तो ओरडून उत्तर देतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल. लाल, पांढरं, निळं काही घालू नका, नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं आणि दुसऱ्या शिकाऱ्याला झाडीत तेवढंच दिसतं. पाठीला खांद्यापेक्षा रुंद झाड घ्या. घरी आल्यावर गोचिड्या बघा, त्यांच्या चावण्याने होणारा लाइम डिसीज तिकडे भरपूर आहे.

आईला फोनवर सांगताना मात्र सावकाश. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार म्हणजे तुरुंगच डोळ्यासमोर येतो. तिला सांगा की न्यूयॉर्कमधून हा पक्षी 1840 च्या दशकात पार संपला होता, साधारण 1948 ला पेनसिल्व्हेनियातून पुन्हा आला, आणि आता मोजूनमापून परवानगी देतात.

प्रश्न: (त्याच पत्राखाली बायकोच्या अक्षरात) आणि मिळालीच टर्की, तर शिजवायची कशी?

उत्तर: वहिनी, दुकानातली टर्की विसरा, हा गावठी कोंबडा समजा. तंगड्यांत तारेसारख्या शिरा असतात, त्या कुकरला लावा आणि भरपूर शिट्ट्या होऊ द्या, मग वाटण घालून रस्सा. छातीचं मांस पटकन कोरडं पडतं, त्याचे पातळ काप करून मसाला लावून तव्यावर. आणि आधी बोटांनी नीट चाचपून छर्रे काढा, नाहीतर डेंटिस्टचं बिल टर्कीपेक्षा महाग.