पडद्याच्या मागून बघितलेला पिक्चर

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोपच लागेना. फिल्म स्कूलच्या फॉर्ममध्ये ‘सिनेमाची आवड कशी लागली’ असं विचारलंय, आणि तुझं म्हणणं की लहानपणी आजीजवळ बसून टीव्हीवर डब केलेले साऊथचे पिक्चर बघितले, हे कसं लिहायचं. अरे, हेच तर लिहायचंय!

माझं सांगते. पंचवटीत आमच्या गल्लीत गणपतीत दोन खांबांना पांढरा पडदा बांधून 16 एमएमच्या मशीनवर पिक्चर दाखवायचे, पुढची जागा मोठी माणसं आधीच अडवायची, मग आम्ही पोरं पोतं घेऊन पडद्याच्या मागे बसायचो. मागून सगळं उलटं. नावं उलटी, हिरो डाव्या हाताने जेवणार, आणि तरी रडायच्या सीनला आम्ही रडायचोच. पुढे तोच पिक्चर आईबरोबर थेटरात बघितला तेव्हा हिरो दाराच्या दुसऱ्याच बाजूने आत आला आणि मी भर थेटरात ओरडले, आई हा चुकीच्या बाजूने आला! आईने मांडीवर चापट मारली. पण त्या रात्री डोक्यात एकच, म्हणजे कुणी कुठून यायचं हे कुणीतरी ठरवतं की काय. फ्रेम, म्हणजे पडद्यावर दिसणारी चौकट, हा शब्द मला फार नंतर कळला, पण तिची ओळख त्या पोत्यावरच झाली.

आपले सिनेमावाले दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, जन्म 1870 चा, त्यांच्या लहानपणी सिनेमा नव्हताच. चाळिशीला आल्यावर मुंबईत येशूच्या आयुष्यावरचा पिक्चर बघितला, आणि बघता बघता त्यांना राम, कृष्ण, अयोध्या दिसायला लागले. घरात लहानपणापासून ऐकलेलंच वर आलं ना ते? 1919 चा त्यांचा ‘कालिया मर्दन’ बघ, कृष्ण झालीये त्यांचीच लहान मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसती वेगवेगळे चेहरे करून दाखवते आणि मग कृष्णाच्या वेशात येते. तेवढा भाग तरी बघच, मला तो आजही पूर्ण पिक्चरपेक्षा जास्त आवडतो.

आता तू एक कर. मोठ्या डिरेक्टरांच्या याद्या पाठ करणं थोडे दिवस राहू दे. आजीबरोबर बघितलेल्या पिक्चरमधला एक सीन, पुन्हा न बघता, आठवेल तसा वहीत लिही, कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून होता, आजी कुठे काय बोलली, सगळं. नंतर तो सीन लावून बघ. बरंच चुकलेलं असेल, आणि ती चूक खोडू नकोस, कारण पिक्चरमध्ये नसलेलं जे तुला आठवलं ते तुझं स्वतःचं आहे, फॉर्ममध्ये मला तेच वाचायचंय.

आजीला फोन करून विचार, तिला काय आठवतं. रविवारी सकाळी वही घेऊन घरी ये, मिसळ खाऊ आणि वाचू.