फॉर्म तिचा आहे, तिलाच भरू द्या

पत्र: मॅडम, मुलीला लातूरला दोन वर्षं ठेवून नीटची तयारी करून घेतली. ३१२ गुण आले. वर्ष वाया जाऊ नये म्हणून आम्ही तिला बीएस्सीला घातलंय, मेजर वनस्पतिशास्त्र. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा नीट देणार हे आम्ही ठरवलं आहे. कॉलेजने ओपन इलेक्टिव्हचा फॉर्म दिला आहे. त्यात लोकसाहित्य, मानसशास्त्र, ग्रामीण अर्थव्यवस्था आणि वैयक्तिक अर्थनियोजन असे विषय आहेत. यातला कमी अभ्यासाचा आणि जास्त मार्क देणारा विषय कोणता? कौशल्य विषयात बायोस्टॅटिस्टिक्स होतं, ते आम्ही काढून गांडूळखत घेतलं. गणित नको म्हणूनच तर बायोलॉजी घेतली होती. फॉर्मचा फोटो सोबत जोडला आहे. — एक आई, सांगली जिल्हा

(पत्राच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात: ‘मॅडम, मला लोकसाहित्य घ्यायचं होतं. माझ्या आजीला रानातल्या कितीतरी पाल्यांची नावं येतात, ती पुस्तकात नाहीत. पण त्याचा करिअरला काय उपयोग, असं घरी विचारतात. मला उत्तर देता येत नाही.’)

ताई, नमस्कार.

पत्र वाचायच्या आधी मी फॉर्मचा फोटो उघडला आणि तिथेच अडकले. पहिल्या पसंतीच्या चौकटीत निळ्या बॉलपेननं ‘वैयक्तिक अर्थनियोजन’ लिहिलंय. त्याच्या खाली पेन्सिलीनं लिहून खोडरबरानं पुसलेलं काहीतरी आहे. फोटो मोठा करून पाहिला. ‘लोक’ एवढं नीट वाचता येतं, पुढच्या ‘सा’चा काना दिसतो. त्या जागी कागद खरवडला गेलाय. पेन्सिलीचं अक्षर पत्राच्या तळाशी असलेल्या ओळींशी जुळतं. बॉलपेनचं अक्षर तुमचं आहे.

मला काळजी वाटली ती इथे. ३१२ गुणांची नाही. २०२५ साली नीटला बावीस लाखांच्या वर मुलं बसली होती. त्यात मागे राहिलेल्या मुलीत काही खोट असते असं मी मानत नाही. पण अठरा वर्षांची मुलगी, जी उद्या मतदान करणार आहे, ती कॉलेजचा साधा विषयांचा फॉर्मसुद्धा पेन्सिलीनं भरते, कारण तो कुणीतरी पुसणार हे तिला आधीच माहीत आहे. तुमच्या पत्रात ‘आम्ही घातलंय’, ‘आम्ही ठरवलं’, ‘आम्ही काढून घेतलं’ असं आहे. तिला काय वाटतं, हे एकदाही नाही. ते तिनं स्वतः तळाशी लिहिलं. तुम्ही ते पाहिलं असेल आणि तरीही पत्र पाठवलं असेल, तर तुमच्याबद्दल मला फार आशा आहे.

तुमची भीती मला कळते. लातूरचा खर्च सोपा नसतो. दोन वर्षं मुलगी घरापासून लांब, खोलीचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी, आणि निकालाच्या दिवशी नातेवाइकांचे फोन. इतकं केल्यावर हातून काही निसटू नये म्हणून आईबाप सगळं घट्ट धरून ठेवतात. पण ताई, जे धरून ठेवलंय ते मूल आहे. लातूरला काय अभ्यास करायचा ते क्लासनं ठरवलं, आता कॉलेजात काय शिकायचं ते तुम्ही ठरवताय. मग स्वतःचं स्वतः ठरवायला ती शिकणार कधी? ओपन इलेक्टिव्ह निवडताना चूक झाली तर नुकसान ते किती? दोन क्रेडिटचा विषय म्हणजे एका सत्रात तीस तास. चुकून शिकायला याहून स्वस्त जागा तिला पुढे मिळणार नाही.

आता ‘वर्ष वाया जाऊ नये म्हणून बीएस्सी’ याबद्दल. इथे मी स्पष्टच बोलते. हा बेत मला पटत नाही. २०२४ मध्ये नीट ५ मे रोजी झाली, २०२५ मध्ये ४ मे रोजी. बीएस्सीच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षा साधारण त्याच दिवसांच्या आगेमागे असतात. म्हणजे प्रॅक्टिकलची जर्नलं सह्यांसाठी पुरी करायची तेव्हाच मॉक टेस्टही द्यायच्या. अशा मुली मी पाहिल्या आहेत. माझ्याकडे आलेली एक मुलगी वर्षभर कॉलेजच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून नीटची पुस्तकं वाचायची. मे संपला तेव्हा नीटही गेली होती आणि दोन विषयांत एटीकेटी लागली होती. सगळ्यात वाईट हे की, वर्गातल्या कुणाचंच नाव तिला माहीत नव्हतं. नीट पुन्हा द्यायची असेल तर एक वर्ष सरळ घ्या, पुऱ्या तयारीनं द्या. बीएस्सी करायची असेल तर ती बीएस्सी म्हणून करा. आणि या दोन्हींतलं काय, हा निर्णय तिच्या तोंडून ऐका. तिला नीट पुन्हा द्यायचीच आहे, असं तिनं मला कुठेही लिहिलेलं नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. ओपन इलेक्टिव्ह ‘नावापुरतं’ नसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जी रचना आली आहे, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट लागतात, सत्राला २२. ओपन इलेक्टिव्हचे क्रेडिट त्यातच मोजले जातात, त्याचे गुण सीजीपीएमध्ये धरतात, नापास झालं तर तो विषय मागे लागतो. विज्ञानाच्या मुलांनी तो विषय विज्ञान शाखेच्या बाहेरचाच घ्यायचा आहे, आणि हे मला मनापासून आवडतं. ‘स्कोअरिंग’ विषय कोणता, हे मी सांगणार नाही, कारण तसा विषय नसतो. ज्या तासाला मुलगी जागी राहते, तो तिच्यासाठी स्कोअरिंग. तुम्ही निवडलेला अर्थनियोजनाचा विषय वाईट नाही. पक्ष्यांसाठी आयुष्य दिलेल्या सलीम अलींनीही मुंबईत व्यापारी कायदा आणि हिशेबाचं शिक्षण घेतलं होतं. फक्त तो विषय तिनं मागितला पाहिजे.

पण खरी चूक तुम्ही दुसऱ्याच रकान्यात केली आहे, आणि ती मला सुधारायला लावायची आहे. बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे जीवशास्त्रात लागणारं संख्याशास्त्र, काढून टाकलंत. ‘गणित नको म्हणून बायोलॉजी’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते आता म्हणीसारखं झालंय. ते चूक आहे. मुलीच्या बारावीच्या पुस्तकात मेंडेलचा वाटाणा आहे ना? मेंडेल व्हिएन्नाला जाऊन भौतिकशास्त्र आणि गणित शिकला होता. वाटाण्याची झाडं त्याच्या आधीही अनेकांनी लावली, संकर करून पाहिले. यानं बिया मोजल्या. दुसऱ्या पिढीत गोल बिया निघाल्या ५,४७४ आणि सुरकुतलेल्या १,८५०. भागाकार करून बघा, २.९६ येतो. तीनास एक. १८६६ साली छापलेल्या त्या निबंधातून आनुवंशिकतेचं शास्त्र उभं राहिलं ते या मोजणीवर. आज रानात जाऊन दोन बांधांवरच्या गवतात फरक आहे की नाही हे सांगायचं, औषधानं रोगी बरा झाला की नुसता योगायोग हे ठरवायचं, पिकाच्या दोन वाणांची तुलना करायची, सगळीकडे संख्याशास्त्र लागतं. ते बारावीच्या गणितासारखंही नसतं. सरासरी, विचलन, काय-स्क्वेअर चाचणी इथून सुरू होतं, आणि उदाहरणं तिच्याच झाडापानांची असतात. पुढे एमएस्सीसाठी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दिला तर त्यात गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे प्रश्न येतातच. गांडूळखत तुम्ही घरच्या परड्यातही शिकाल. बायोस्टॅटिस्टिक्स परत घ्या. या एका गोष्टीत मी आग्रह धरते, आणि तोही तिच्याकडे. तिनं ऐकून मग ठरवावं.

बाकीच्या परीक्षांचं आत्ता इतकंच: एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी, संशोधनासाठी नेट, वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर यूपीएससीची भारतीय वन सेवाही देता येते. हे सगळं तिसऱ्या वर्षाचं, आज नको.

आता पुढचं तुझ्यासाठी, बाळ. आईनं वाचलं तरी चालेल.

तू विचारलंस, लोकसाहित्याचा वनस्पतिशास्त्राच्या मुलीला उपयोग काय? तुझ्याच जिल्ह्यातून सुरुवात करते. सांगलीचं मार्केट हळदीसाठी देशभर ओळखलं जातं. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘हळद जखमेवर लावणं’ यासाठी पेटंट मिळालं. आपल्याकडे खेळताना गुडघा फुटला की आजी पहिल्यांदा हळदच दाबते. पण पेटंटच्या कचेरीत ‘आमच्या आजीला माहीत होतं’ हे चालत नाही. लिहिलेलं, छापलेलं दाखवावं लागतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेनं जुने संदर्भ गोळा केले, संस्कृतातले, हिंदी-उर्दूतले, १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे बत्तीस. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. म्हणजे निकाल फिरवला तो कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेल्या माहितीनं. तुझ्या आजीला येणारी नावं अजून कुणी लिहिलेली नाहीत. त्याचा उपयोग काय, हे आता तूच घरी सांग.

आणखी एक. तुमच्या बांधावर पांढऱ्या-पिवळ्या छोट्या फुलांचं, एकाच लांब दांडीवर फूल येणारं एक तण असेल. खुरपताना बोट कापलं की बायका त्याचा पाला चुरडून लावतात. कुणी त्याला दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी, कुणी कंबरमोडी. पुस्तकात ते ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स आहे, आणि मुळात ते अमेरिका खंडातलं. म्हणजे ही वनस्पती बाहेरून आली, इथल्या बायकांनी ती ओळखली, तिचा गुण पारखला, तिला मराठी नावं दिली. हे कधी झालं, कसं झालं, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही. उलटंही होतं. ‘ब्राह्मी’ या एका नावानं दोन पूर्ण वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. नाव ऐकून विश्वास ठेवला तर फसशील, आणि वनस्पती ओळखून नावच विचारलं नाहीस तर अर्धीच माहिती मिळेल. दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत.

सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, अभ्यासल्या. झाडं ओळखायला वनस्पतिशास्त्र पुरलं असतं. पण गावानं ती झाडं का तोडली नाहीत, हे समजायला देव, नवस, गावच्या कहाण्या ऐकाव्या लागल्या. आणि ओव्यांचं म्हणशील, तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत झाडं आहेत, शेत आहे, दुखणी आहेत. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीनं त्या वाचल्या तर तिला जे दिसेल, ते मराठीच्या विद्यार्थ्याला दिसणार नाही.

एवढं सांगूनही, लोकसाहित्यच घे असं मी म्हणत नाही. आधी तो विषय शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना भेट. अभ्यासक्रमात काय आहे, नुसतं पाठांतर आहे की गावात जाऊन काही गोळा करायचं आहे, हे विचार. वेळापत्रक बघ, प्रॅक्टिकलच्या तासावर तो तास येत असेल तर कॉलेजला आत्ताच सांग. बायोस्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या सरांनाही भेट. आणि नीटचं तुझ्या मनात नक्की काय आहे, ते आईला तोंडानं सांग. ‘हो’ असेल तर ‘हो’ सांग. ‘नाही’ असेल तर तेही सांग. पत्राच्या तळाशी लिहून नको.

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला वनस्पती वर्तमानपत्रात दाबून, वाळवून हर्बेरियमच्या कागदावर चिकटवायला शिकवतील. त्या कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते: शास्त्रीय नाव, कूळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. स्थानिक नावाचाही एक रकाना असतो. पुष्कळ मुलं तो रिकामा सोडतात. तू सोडू नकोस. आजीला विचारून भर, आणि कुठल्या गावातल्या कुणी सांगितलं तेही लिही.

ताई, फोटोत फॉर्मवर शनिवारची मुदत दिसते. खाडाखोड झालेला फॉर्म पुष्कळदा ऑफिसात परत करतात. तिला उद्याच कोरा फॉर्म आणू द्या आणि पेननं भरू द्या. भरून झाला की ती तुम्हाला वाचायला देईल.