लांब स्पॅनिश शब्द मागून बघा

प्रश्न : उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी निर्यातीचे काम बघतो. मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलताना ‘रेस्पोन्साबिलिदाद’ (जबाबदारी) असा शब्द आला की जीभ अडखळते. तो तोडायचा कसा आणि जोर कुठे द्यायचा? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : लांबीला घाबरू नका. लोंढ्याकडून येणाऱ्या मालगाडीचे डबे मोजण्यापेक्षा गार्डाचा डबा बघावा, तसे आधी शेवटचे अक्षर बघा. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपला, तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, दुसऱ्या व्यंजनाने संपला, तर शेवटच्या तुकड्यावर. मात्र एखाद्या स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ दिसली की जोर तिथेच, मग नियम बघायचाच नाही.

तुमचा शब्द असा तुटतो : रेस-पोन-सा-बि-लि-दाद. शेवटी ‘द’, म्हणून जोर ‘दाद’वर. इथे आपल्या भागातली खोड आड येते. कानडीच्या सवयीने ‘बस्सु’ म्हणणारी जीभ ‘दादु’ म्हणून मोकळी होते आणि फुकटचा एक तुकडा वाढतो. स्पॅनिशमधला तो ‘द’ फार हलका असतो. पुढे ‘उ’ लावण्यापेक्षा तो अर्धा गिळलात तरी चालेल.

निर्यातीचाच शब्द घ्या : एक्स-पोर-ता-स्योन. शेवटी ‘न’ आहे, तेव्हा नियमाने जोर ‘ता’वर जायला हवा, तो ‘स्यो’वर आहे म्हणून तिथे रेघ. अनेकवचन ‘एक्स-पोर-ता-स्यो-नेस’. जोर ‘स्यो’वरच, पण आता तो शेवटून दुसरा झाला, म्हणून रेघ गेली. शिकणारे ही रेघ उगाच पाठ करत बसतात, हे मला पटत नाही.

‘इ’ किंवा ‘उ’ला ‘आ, ए, ओ’ चिकटला की दोघांचा एकच तुकडा : दिस-तान-स्या (अंतर). पण त्या ‘इ’वर रेघ असेल तर स्वर वेगळे : गा-रान-ती-आ (हमी). हा तर तुम्हाला रोज लागणार. दोन व्यंजने आली तर मधून तोडा. ‘प्र, त्र, प्ल’सारख्या जोड्या तेवढ्या अखंड ठेवा.

‘मेन्ते’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणांना मात्र दोन जोर : रा-पि-दा-मेन-ते (झटपट), एक ‘रा’वर, एक ‘मेन’वर. माल वेळेत निघाला नाही, तर मेक्सिकोची माणसे दोन्ही जोर नीट देऊन हा शब्द ऐकवतील.