नणंदेचं ऑपरेशन आणि तुमचं पोट

प्रश्न : डॉक्टर, मी इंदूरला सुदामानगरात राहते, शाळेत शिकवते. वय 46, उंची 156 सेंटिमीटर, वजन 104 किलो. नऊ वर्षांपासून डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री घशाशी आंबट येतं, म्हणून दोन उशा घेते. पाळीत रक्त फार जातं, हिमोग्लोबिन 9.6. धाकट्या नणंदेनं वजन कमी करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन करून घेतलं, छान बारीक झाली. घरचे म्हणतात, तिच्याच डॉक्टरांकडून तेच करून घे. मुलाचं लग्न चार महिन्यांवर आलंय, त्याआधी उरकावं का? तयारी काय करू?

उत्तर : ताई, मी फिजिशियन आहे. ऑपरेशन करत नाही, त्यामुळे कुठल्याच ऑपरेशनची बाजू घ्यायचं मला कारण नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 42.7 येतो. आपल्याकडे डायबेटिस असेल तर 32.5 च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात, म्हणजे करावं की नाही हा तुमचा प्रश्नच नाही. कुठलं करावं, एवढाच आहे. आणि त्याचं उत्तर तुमच्या त्या दोन उशांमध्ये आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून जास्त भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. तिच्यात दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. आधी जळजळ नव्हती अशांनाही ती नंतर सुरू होऊ शकते, तुम्हाला तर आत्ताच आहे. काहींना याच त्रासापायी पुढे जठराचा बायपास करून घ्यावा लागतो. नणंदेला आधी असं आंबट येत होतं का, एकदा विचारा. बहुधा नसेल.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि तिला लहान आतडं खालून आणून जोडतात. अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. आंबट येणं बहुतेकांचं थांबतं, शुगरही सहसा जास्त चांगली उतरते. मात्र नऊ वर्षांचा डायबेटिस आहे, गोळ्या पूर्ण सुटतीलच असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 'मिनी बायपास' सुचवतील. त्यात जोड एकच, वेळ कमी लागतो, पण पित्त उलटं वर येऊ शकतं. तुमची तक्रार बघता मी जुना, दोन जोडांचा बायपासच बरा म्हणेन.

आता गोम. लोह मुख्यतः आतड्याच्या त्याच सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, जो बायपासनंतर वाटेतून बाजूला पडतो. 9.6 घेऊन टेबलावर जाऊ नका. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, रक्त का जातंय ते शोधा, गरज असेल तर शिरेतून लोह घ्या. नंतर लोह, कॅल्शियम, बी-12, डी आणि मल्टिव्हिटॅमिन जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. (स्लीव्हवालीलाही हे चुकत नाही. नणंद घेते का?) गोळ्या घेण्यात तुम्ही कच्च्या असाल तर सर्जनला आत्ताच स्पष्ट सांगा. गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल, बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सर होतो.

तपासण्यांत एंडोस्कोपी (दुर्बिणीनं जठर आतून बघणं) आधी. ती न करता तारीख देणाऱ्याकडून उठून या. मग पित्ताशयाच्या खड्यांसाठी सोनोग्राफी, थायरॉइड, एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), हृदयाची तपासणी, आणि घोरत असाल तर झोपेची. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी पिष्टाचा, कमी कॅलरीचा आहार देतात, त्यानं यकृत आक्रसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोहोचणं सोपं जातं. याच दिवसांत शुगर एकदम खाली येते, म्हणून ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या कमी कराव्या लागतात. डायबेटिसचीच डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद हवी. कुठली गोळी कुठल्या तारखेला थांबवायची, हे कागदावर लिहून घ्या. यात सर्जन आणि डायबेटिसवाले डॉक्टर एकमेकांवर ढकलतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

घरी आतापासून एक सराव करा : जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, आणि घास मऊ होईपर्यंत चावणं. शाळेच्या मधल्या सुट्टीत पोहे घशाखाली लोटायची सवय असेल तर ती आधी मोडा. प्रथिनं दिवसाला निदान 60 ग्रॅम लागतील आणि ती शेव घातलेल्या पोह्यांतून येणार नाहीत. पनीर, मूग, दही, अंडं चालत असेल तर अंडं. तुमच्या सराफा बाजारातली जलेबी-रबडी बायपासनंतर अनेकांना धडधड, घाम आणि जुलाब देऊन जाते.

विमा असेल तर पॉलिसी वाचा. विमा नियामकाच्या ठरीव कलमानुसार बीएमआय 40 किंवा अधिक असेल, तर वजनाच्या उपचारांना पैसे न देण्याच्या कलमात हे ऑपरेशन धरत नाहीत. तुम्ही त्यात बसता, पण प्रतीक्षाकाळ वेगळा असतो. मंजुरी लेखी घ्या.

राहिलं लग्न. नंतरच करा. आत्ता केलंत तर केळवणांत तुम्ही वाटीभर पातळ घेऊन बसाल, आणि केस गळतात ते तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, म्हणजे नेमके फोटोंच्या वेळी. ते परत येतात, पण विहीणबाईंना समजावत कोण बसणार! हे चार महिने हिमोग्लोबिनला द्या. एंडोस्कोपी मात्र लगेच करा, आणि तिच्यात हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) निघाला तर तो त्याच ऑपरेशनमध्ये दुरुस्त करणार का, हे तारीख घेण्याआधी सर्जनला विचारा.