‘स्वतःची काळजी घे’ म्हणजे नेमकं काय करू?

प्रश्न : दिवाळीनंतर आईला लकवा मारला. तेव्हापासून ती अंथरुणावरच आहे. मी घरीच शिवणकाम करते. रात्री तिची कूस बदलायला दर दोन तासांनी उठते, मग परत डोळा लागत नाही. दुपारी कूलरसमोर आडवी झाले की तीन तास कसे जातात कळत नाही. चहा सहा कपांवर गेला आहे. व्हिडिओ पाहून दीर्घ श्वसन केलं, तर उलट छाती धडधडली, बोटांना मुंग्या आल्या. जो तो म्हणतो स्वतःची काळजी घे, पण काहीच सुचून नाही राहिलं.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : झोप ठरवून लागत नाही, उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. म्हणून सुरुवात तिथून करा. रात्र कशीही गेली तरी रोज साडेपाचला उठा आणि उजाडताच वीस मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत चाला. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जुळतं आणि रात्रीची झोप वेळेवर येऊ लागते. मे महिन्यात नागपुरात आठनंतर हे जमणारच नाही. ‘मन लागलं की चालेन’ असं म्हणू नका. खचलेल्या माणसाला आधी इच्छा होत नाही, चार-आठ दिवस नेमाने केल्यावर ती हळूहळू परत येते.

दुपारची झोप बंद करू नका, गजर लावून अर्ध्या तासावर आणा आणि तीनच्या आत आटपा. तीन तास झोपलात की रात्रीसाठी झोपेची भूकच उरत नाही. चहातलं कॅफिन साधारण पाच तासांनीही निम्मं अंगात असतं, म्हणून शेवटचा कप दुपारी दोनला. सहावरून एकदम दोनवर याल तर डोकं ठणकेल. दर दोन दिवसांनी एक कप कमी करा.

आता रात्रीबद्दल, कारण खरी गोची तिथेच आहे. आईची कूस बदलणं चुकवता येत नाही, चुकलं तर पाठीला जखमा होतात. पण प्रत्येक वेळी तुम्हीच उठायला हवं असं नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाकडे रात्री दहा ते दोनची पाळी द्या आणि ते चार तास वेगळ्या खोलीत सलग झोपा. तेवढ्याच पण तुकड्या-तुकड्यांच्या झोपेपेक्षा माणसाला सावरायला हे सलग तास जास्त उपयोगी पडतात. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही मोघम उत्तर देऊ नका. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ आईजवळ बसशील का?’ असं विचारा. नेमकं विचारलं की बहुतेक लोक येतात.

अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुण सोडा. मंद उजेडात खुर्चीवर बसा, पेंग आली की परत जा. घड्याळ पाहायचं नाही, मोबाईल हातात घ्यायचा नाही. तासन्‌तास जागं पडून राहिलं की मेंदू अंथरुणाची सांगड जागरणाशीच घालतो.

श्वसनात तुमचं चुकलं ते ‘दीर्घ’ या शब्दामुळे. मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मुंग्या आणि धडधड त्यातून आली, हृदयाला काही झालं म्हणून नव्हे. श्वास नेहमीएवढाच घ्या, नाकाने, चार अंक मोजत. सोडताना सहा अंक. डोळे उघडे असले तरी चालेल. दिवसातून दोनदा पाच मिनिटं, आणि तेही मन शांत असताना. आठवडाभर सराव झाल्याशिवाय घाबरल्या क्षणी ते उपयोगी पडत नाही.

एवढं करूनही दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, कशातच रस वाटत नसेल आणि जेवण, काम, लक्ष यांवर परिणाम होत असेल, तर हे घरगुती उपायांचं काम नाही. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी 14416 लावा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी टेली-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : बाबा बरीच वर्षं लिथियमच्या गोळ्या (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेतात. उन्हाळ्यात काही वेगळं पाहावं लागतं का?
– एक वाचक, सदर

उत्तर : हो, नागपूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. घामातून पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. पाणी नियमित द्या, जेवणातलं मीठ एकाएकी कमी करू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, त्यांनीही प्रमाण वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एप्रिलमध्ये रक्त तपासून घ्या. नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचा, म्हणजे रात्री नऊची गोळी असेल तर सकाळी नऊला, सकाळची गोळी घेण्याआधी.