गणपतीच्या सजावटीसाठी फळांच्या साली घरी कशा वाळवाव्यात? माझ्या सालींना दरवेळी बुरशी येते.

तुम्ही लिहिलंय की मखराला प्लास्टिक नको म्हणून सालींची तोरणं करायला घेतली, पण गच्चीत वाळत घातलेल्या साली बुरशी येऊन टाकून द्याव्या लागल्या. तुमचा हात नाही, महिना चुकलाय. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे पापड वाळत नाहीत, तिथे संत्र्याची साल काय वाळणार!

माझं माहेर नागपूरजवळच्या काटोलचं, त्यामुळे संत्र्याच्या सालींना तोटा नव्हता. तिकडे संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. सजावटीला मृगाचीच साल घ्यावी, कारण रंग पुरता चढलेला असतो आणि बाहेरचं ऊन कोरडं असतं. थोडक्यात, गणपतीची तयारी होळीच्या आसपास. कुरडया-पापडांच्या वाळवणातच साली उरकायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवायच्या.

यंदा ते दिवस गेले, तर आता बाजारात मोसंबी आणि डाळिंबं आहेत, त्यांच्यावर भागवा. आणि गच्ची विसरून ओव्हन वापरा.

मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते, म्हणून ती सुरीने गोल गोल एका सलग पट्टीत सोलायची, बोटभर रुंद. आतला पांढरा भाग थोडा राहू द्या, फूल त्याच्याच जोरावर उभं राहतं. पट्टीचं एक टोक चिमटीत धरून गुंडाळत गेलं की गुलाब होतो, खालून टूथपिक आरपार घालायची. वाळल्यावर रंग मातकट पिवळा होतो. झगमगाट हवा असेल तर निराशा होईल, मला मात्र पितळी समईशेजारी तोच रंग शोभून दिसतो.

डाळिंबाचा मुकुट आपण सोलताना सरसकट फेकतो. तो ठेवा. आतले केसर सुईने काढून टाका, ओला असतानाच मधोमध भोक पाडा आणि वाळवा. जाड पाकळ्यांचं, लाकडात कोरल्यासारखं फूल तयार होतं. गौरीच्या मागे अशा फुलांची माळ फार सुंदर दिसते. फक्त डाळिंबाच्या ओल्या सालीचे डाग कपड्यांवरून सहजी जात नाहीत, आणि लोखंडी विळीवर कापलं तर कडा काळ्या पडतात, म्हणून स्टीलची सुरी घ्या.

आता संत्रं, पुढच्या उन्हाळ्यासाठी. फळ कोमट पाण्याने नीट धुऊन पुसा. सालीचे मोठे तुकडे निघतील असं सोला आणि आतले पांढरे धागे चमच्याने खरवडून काढा. आकार कापायचे ते लगेच, ओल्या सालीतूनच. वाळलेली साल कापायला गेलात की तडकते. शंकरपाळ्यांचं कातणं फिरवलं तर कडेला छान नक्षी येते. दोरा ओवायची भोकंही आत्ताच पाडायची, जाड सुईने आणि कडेपासून जरा आत, कारण साल आक्रसते. मग तुकडे वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवून वर पोळपाट आणि त्यावर वरवंटा, रात्रभर. हे टाळलंत तर तुमच्या चांदण्यांच्या द्रोण-वाट्या होतील. सकाळी कागद बदला आणि साली ताटात पसरून वर जुना सुती पंचा घाला. थेट उन्हात केशरी रंग उडतो. ओव्हन असेल तर ९० ते १०० अंशांवर तासभर तरी लागतो, मधे एकदा उलटायचं. घाईने आच वाढवलीत तर साल करपते. वाळली की नाही ते मोडून बघा. कट्‌कन तुटली तर झाली, नुसती वाकली तर अजून पाणी आहे आणि त्याच डब्यात बुरशी येणार. पावसाळ्यात साल पुन्हा सादळते, तेव्हा तोरण ओवण्याआधी ओव्हनमध्ये जरा शेकून घ्या.

केळी आणि आंबा यांच्या वाटेला जाऊ नका, साली काळ्या पडतात आणि घरभर चिलटं होतात. कलिंगडाची साल फक्त ताजी कोरायला, रुखवतात ठेवतात तशी, एका दिवसापुरती.

इंटरनेटवर गरासकट वाळवलेल्या संत्र्याच्या गोल चकत्या दिसतात ना, ख्रिसमसच्या, त्या थंड देशांत टिकतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत गरातली साखर पाणी ओढते, चकत्या चिकट होतात आणि मखरावर मुंग्यांची रांग लागते. नुसती साल घ्या.

सालीचा दिवा करायचा असेल तर तो दिवाळीला, आंबियाची संत्री आल्यावर. फळ आडवं कापून अर्ध्या सालीची वाटी अलगद सोडवायची. मधला पांढरा दांडा वात म्हणून पेटवतात, पण नागपुरी संत्र्यात तो बहुधा पोकळ निघतो. सरळ फुलवात ठेवा आणि तेल घाला. खाली ताटली हवीच.

राहिला जाळाचा प्रश्न. सालीत ज्वलनशील तेल असतं. ताजी साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात, मुलांना हा खेळ ठाऊक असतो. हेच तेल थर्माकोल विरघळवतं आणि फुगाही फोडतं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण माळ्यावर जुनं मखर असेल तर त्याला ओल्या साली टोचू नका. वाळल्यावर तेल बरंचसं उडून जातं, तरी साल कागदासारखी पेट घेते. त्यामुळे तोरण वरच्या चौकटीला किंवा मखराच्या मागच्या बाजूला बांधा. समई, निरांजन आणि आरतीचं तबक जिथे फिरतं तिथून हातभर लांब.